गाळलेले धागे

"बाईच्या नमुन्यात पुरुषाचा धागा दिसला, तर तो हाताचा मळ समजायचा आणि गाळून टाकायचा. विचार करत बसायचं नाही. विचार करायला आपल्याकडे याहून मोठ्या गोष्टी आहेत."

प्रयोगशाळेचे प्रमुख काळदाते सर, त्यांचा हा आवाज. सरांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. तरी मिरजेच्या त्या संशोधनसंस्थेत, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, शाल्मली भोकरेला तो अजून ऐकू यायचा. हातमोजे चढवताना, काचनळीचं टोपण फिरवताना, यंत्राचं झाकण लावताना. सर कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. पण हळू बोलणाऱ्या माणसाचं सांगणंच जास्त टिकतं.

त्या दिवसांत ज्या घरात तान्हं मूल असे, त्या घराच्या चौकटीवर हिरव्या चिठ्ठ्यांची रांग लागलेली असे. रक्त तपासून आत यायची मुभा मिळालेल्या प्रत्येकाच्या नावाची एक. ज्याच्या नावाची चिठ्ठी नाही त्यानं उंबऱ्याबाहेरूनच बाळ बघायचं आणि तिथूनच हात जोडायचे. मग ती सख्खी आजी का असेना. याला कारण होतं एक ताप. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं, लोक त्याला पाव्हणा ताप म्हणत. तीन-चार महिन्यांनी यायचा, नऊ दिवस राहायचा, आणि आल्या वाटेनं जायचा. मोठ्या माणसाचं तो फारसं काही बिघडवत नसे. मात्र त्या नऊ दिवसांत त्या माणसाचा श्वास वर्षाच्या आतल्या बाळाला लागला, तर शंभरातली चाळीस बाळं वाचत नसत.

हा पाहुणा जायचा कुठे? कुठेच नाही. तो पेशीतच राहायचा. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएच्या धाग्यावर लिहिलेला एक भलामोठा ग्रंथ असतो. आपण कसं असावं हे त्यात लिहिलेलं असतं, आणि पेशी तो रात्रंदिवस वाचत असते. हा विषाणू पेशीत शिरला की त्या ग्रंथात आपलं स्वतःचं एक पान शिवून टाकी. पेशी बिचारी भोळी; ती तेही पान वाची, आणि वाचता वाचता नवे विषाणू घडवी. मग ते पान मिटून पडे, पुन्हा उघडेपर्यंत.

यावर उपाय निघाला तो पेशीच्याच एका जुन्या सवयीतून. नको असलेलं पान पेशी फाडत नाही, त्यावर बारीक बारीक चिठ्ठ्या चिकटवून ठेवते. पान जागच्या जागी राहतं, फक्त वाचलं जात नाही. झाडं हे करतात, किडे करतात, माणूसही करतो. जनुकाला असं गप्प करणाऱ्या चिठ्ठ्या माणसानं प्रयोगशाळेत घडवल्या, त्यांना नाव पडलं मौनक. पण विषाणू दर महिन्याला आपल्या पानावरचा मजकूर बदली. चिठ्ठी मजकुरावर बेतली तर ती फुकट जाई. तेव्हा काळदाते सरांच्या पिढीनं युक्ती काढली. चोराचा वेष बदलतो, पण तो ज्या घरात दडलाय ते घर बदलत नाही. विषाणूच्या पानाच्या अलीकडची आणि पलीकडची पानं तर रोग्याचीच असतात! चिठ्ठी त्यांच्यावर बेतायची. म्हणून ज्याचा ग्रंथ त्याचा मौनक. प्रत्येकाचं रक्त वाचायचं, प्रत्येकासाठी वेगळा मौनक घडवायचा, दंडात एक सुई. झालं.

शंभरातली सत्त्याण्णव माणसं बरी झाली. तीन होत नव्हती, आणि त्या तिघांत जवळजवळ सगळ्या बायका होत्या.

याची कारणं पुष्कळ दिली गेली. बायकांच्या शरीरातले चढउतार. बायका वेळेवर येत नाहीत. बायका उपासतापास करतात. शाल्मलीचा प्रबंध याच कोड्यावर होता. तिला वाटायचं, विषाणू एखादं प्रथिन सोडून या चिठ्ठ्या खाऊन टाकत असावा. तसं प्रथिन तिला सापडलंही. पण ते पुरुषांतही तेवढंच होतं. चार वर्षं झाली तरी प्रबंधाचं तिसरं प्रकरण कोरं होतं.

आणि मग मार्चमध्ये सारिका खराडेचा नमुना आला.

सारिका, वय अठ्ठावन्न, गाव तासगावजवळचं. (सारिका, रूपाली, अश्विनी ही नावं आता आज्यांची झाली होती.) तीनदा मौनक देऊन झाला होता, पाव्हणा हटत नव्हता. त्या आठवड्यात प्रयोगशाळेतला इरफान बहिणीच्या लग्नाला बेळगावला गेला होता, आणि दुसरा मदतनीस कांजिण्यांनी घरी पडला होता. रक्त काढलं ते परिचारिकेनं. पुढचं सगळं शाल्मलीनं एकटीनं केलं. नमुन्याला पुरुषाचा हात लागलाच नव्हता.

तरीही यंत्रानं पुरुषाचा धागा गाळून बाजूला टाकलेला होता.

गाळणी सरांनीच लिहिलेली. जे जे परकं, ते ते ती 'मळ' नावाच्या कप्प्यात टाकी. त्या कप्प्यात वर्षानुवर्षं कुणी डोकावलं नव्हतं. केराच्या टोपलीत कोण हात घालतं? शाल्मलीनं घातला.

प्रयोगशाळेत एक हातांची वही असते. तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या धाग्याची नोंद त्या वहीत ठेवतात, म्हणजे मळ कुणाच्या हाताचा ते कळावं. शाल्मलीनं एकेक पान ताडून पाहिलं. इरफान नाही. दुसरा मदतनीस नाही. शेवटी एकच पान उरलं, काळदाते सरांचं. नमुन्यात घातलेल्या द्रावणाची बाटली त्यांच्या हातची होती, त्यांच्याच तिरक्या अक्षरातली तारीख होती वर. तिनं थोडा वेळ डोळे मिटले, सर क्षमा करा म्हटलं, आणि ते पान उघडलं.

सरही नव्हते.

मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो धागा खुद्द सारिकाच्याच धाग्याशेजारी ठेवला. अर्धा जसाच्या तसा जुळला. आणि विषाणूचं ते पान, जे सारिकाच्या स्वतःच्या पेशींत केव्हाच गप्प झालं होतं, ते या दुसऱ्या धाग्यात सताड उघडं होतं.

*

बेदाण्याच्या शेडमध्ये दहा-बारा बायका ओळीनं बसल्या होत्या. समोर बेदाण्याचे ढीग. काड्या, डागी मणी वेचून बाजूला टाकायचे. शाल्मलीला पाहून कडेची पूनमकाकू ओरडली, "सारिके, आली बग तुजी सुईवाली. तुजा पाव्हणा म्हंजी जावई हाय की काय गं, दर तीन म्हैन्याला हजर!"

"जावई बरा," दुसरी म्हणाली. "त्यो नऊ दिवसांत जातो तरी."

हसणं झालं. सारिका हात झटकत उठली. दोघी शेडच्या मागे, रिकाम्या क्रेटवर बसल्या.

"आक्का, तुम्हाला कधी कुणाचं रक्त चढवलं होतं?"

"न्हाई बा."

"मुलगा आहे तुम्हाला?"

सारिकानं पदराला चिकटलेली एक काडी काढली, बघितली, टाकली. "हुता. शिवतेज. तेजू म्हनायचो. अकरा वर्सांचा. पाटलाच्या शेततळ्यात गेला. त्या प्लास्टिकच्या कागदावरनं पाय घसरतो, वर येता येत न्हाई. एकोणीस वर्सं झाली. का गं?"

शाल्मलीनं घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तिला आता सापडेना. तिनं हळूहळू सांगितलं. मूल पोटात असतं तेव्हा नाळेतून फक्त आईचं बाळाकडे जात नाही. बाळाचंही आईकडे येतं. त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि मूल जन्मलं तरी मागे राहतात. वर्षानुवर्षं. कुणाच्या हाडात, कुणाच्या काळजात.

"तुमच्यात तेजूच्या पेशी आहेत, आक्का. काही हजार असतील. जिवंत आहेत."

शेडमधून बेदाणे चाळण्याचा खरखर आवाज येत होता.

"ईश्वरीच्या?" सारिकानं विचारलं. ईश्वरी तिची धाकटी. तेजूच्या पाठची. तिला आठवा महिना लागला होता.

"तिच्याही आहेत. पण त्यांत ताप नाही. ताप तेजूच्या पेशींत लपलाय. आम्ही मौनक बनवला तुमचा ग्रंथ वाचून. त्याचा ग्रंथ अर्धा त्याच्या वडिलांचा. आमची चिठ्ठी त्याला लागूच पडत नाही. आणि तो धागा आम्ही..." तिनं वाक्य पुन्हा सुरू केलं. "आम्ही तो मळ म्हणून टाकून देत होतो."

"मळ," सारिका म्हणाली. रागानं नाही. नुसतं, शब्द कसा वाटतो ते बघावं तसं. मग तिनं विचारलं, "मग त्यो गेला कवा, पोरी?"

शाल्मली क्रेटवर जवळ सरकली.

"त्यो गेल्यावर पावसाळ्यात माझ्या छातीत कळ आली हुती," सारिका सांगू लागली. "तासगावच्या डॉक्टरनं फोटू काढला. म्हनला, काळजाला इजा झालीया, जपून ऱ्हावा. वर्सानं परत काढला तर म्हनला, आक्का, हे आपसूक सांधलंय, नवल हाय. मी म्हनलं देवानं केलं." ती थांबली. "तुजं म्हननं काय हाय?"

"अशा पेशी जखमेकडे जातात, आक्का. तिथं जाऊन शिवणकाम करतात. असं दिसलंय बऱ्याच ठिकाणी. तुमच्या बाबतीत तसंच झालं असेल असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

"नगं सांगू," सारिका म्हणाली. "मला कळलं."

मग अवघड भाग आला. तेजूच्या ग्रंथावरून नवा मौनक बनवता येत होता. पण या हजारो पेशी एकाच पेशीच्या लेकी. त्या सगळ्यांत विषाणूनं आपलं पान नेमकं एकाच जागी शिवलं होतं, आणि ती जागा अशी, की ती गप्प झाली तर पेशी जगूच शकत नाही. सारिकाच्या स्वतःच्या पेशींत तसं नव्हतं. तिथं पान गप्प झालं तरी पेशी जगली. इथं मौन म्हणजे मरणच.

"एकबी ऱ्हानार न्हाई?"

"नाही."

"आन् न्हाई घेतली सुई तर ईश्वरीच्या बाळंतपनाला मला उंबऱ्याभायेर उभं ऱ्हावं लागंल. तिला सासू न्हाई. नवरा फिरतीवर. मी न्हाई तर कोन?" सारिका स्वतःशीच बोलावं तसं बोलत होती. "आन् घेतली तर..."

शेडमधून पूनमकाकूची हाक आली, "सारिके, मुकादम बोंबलतोय!"

"आले!" तिनं ओरडून सांगितलं, आणि हळूच म्हणाली, "मला सोमवारपातूर येळ दे."

*

सारिकाचा सोमवार कडक होता. तेजू गेल्यापासून धरलेला. पहाटे उठून पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि दिवसभर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. एकोणीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. अंगात ताप फणफणत असतानाही नाही. त्याच्या आत्म्याला शांती लाभू दे, एवढंच तिचं मागणं.

त्या सोमवारी सकाळी नऊला ती संस्थेच्या पायऱ्यांवर हजर झाली. हातात डबा होता.

"सुई कुठं देनार?" तिनं विचारलं.

"वरच्या खोलीत. पण आक्का, आज तुमचा..."

"म्हाईत हाय मला आज काय हाय ते."

खोलीत खिडकीशी बसून तिनं डबा उघडला. पोळी कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला मलिदा होता. वर थोडे बेदाणे. तिनं हात धुतले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, आणि पहिला घास उचलला. तो तोंडापाशी नेऊन ती थांबली. शाल्मलीला वाटलं, आता ही उठून जाणार.

"तुला सांगते," सारिका म्हणाली, "गेले चार दीस माझ्या डोक्यात एकच चाललंय. एकोनीस वर्सं मी सोमवारी उपाशी ऱ्हायले. त्याच्या नावानं. आन् पोरगं आत. माझ्यासंगं उपाशी." तिनं हातातल्या घासाकडे बघितलं. "ह्येच्या आवडीचं हाय. शाळंतनं आला की दप्तर टाकायच्या आधी मागायचा. आज पोटभर घालते, आन् मग धाडते."

ती सावकाश जेवली. घाई केली नाही. मध्येच एकदा हसली, कशाला ते सांगितलं नाही. शाल्मली भिंतीला टेकून उभी होती. अन्नातल्या साखरेचा कण रक्तातून पेशीपर्यंत पोचायला किती मिनिटं लागतात ते तिला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ती मिनिटं मोजली, आणि कुणी सांगितलं नसताना आणखी दहा मिनिटं थांबली.

डब्याचं झाकण लावून सारिकानं विचारलं, "माझ्यावानी आनखी किती हैत?"

शाल्मलीनं मागच्या चार दिवसांत बरं न झालेल्या सगळ्या बायकांचे मळाचे कप्पे उपसले होते. "तेराशे बारा. प्रत्येकीत कुणाचा ना कुणाचा धागा सापडलाय."

"समद्यांची पोरं गेलेलीच?"

"नाही. काहींची धडधाकट आहेत, परगावी नोकरीला आहेत. काहींची जन्मालाच आली नाहीत. तीन-चार महिन्यांत पडली, तरी धागा मागे राहतो. आणि काहींच्या कागदावर मूल आहे असं लिहिलेलंच नाही."

सारिकानं हे ऐकून घेतलं. बाईला बाईचं कळायला फार बोलावं लागत नाही. ती म्हणाली, "एक शब्द दे मला. त्यांना कुनालाबी, सांगितल्याबिगर ही सुई देऊ नगा. तू मला सांगितलंस, म्हनून मी पोराला जेवू तरी घातलं. न्हाईतर माझ्याच हातानं, माझ्याच दंडात, आन् मला पत्ता न्हाई. असं कुनाचं करू नगा."

"मी लहान माणूस आहे, आक्का. हे ठरवणारे..."

"मी ठरवनाऱ्यांना इचारत न्हाई. तुला इचारते."

"सांगेन," शाल्मली म्हणाली. "प्रत्येकीला सांगेन."

"शपथ नगं घेऊ कुनाची. शब्द बास हाय."

मग तिनं पदर सारून दंड पुढे केला. सुई टोचली जाताना ती खिडकीबाहेर बघत होती. ओठ हलत होते. अंगाईचं काही होतं का स्तोत्राचं, शाल्मलीला ऐकू आलं नाही.

*

सहा आठवड्यांनी सारिकाचा नमुना पुन्हा यंत्रातून गेला. मळाच्या कप्प्यात ईश्वरीचा फिकट धागा तेवढा उरला होता. दुसरा धागा नव्हता. हिरवी चिठ्ठी निघाली. शाल्मलीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण एका आठवड्यात लिहून झालं, आणि ते वाचून दिल्लीहून अभिनंदनाचे दोन फोन आले.

तिसरा फोन सारिकाचा.

"मुलगी झाली. तीन किलोची. आवाज असा हाय की गल्ली गोळा हुतीया."

"तुम्ही आत होतात ना?"

"माझ्याच हातात दिली की नर्सनं." मग म्हणाली, "पोरी, एक इचारू? ईश्वरी तेजूच्या पाठची. ज्या पोटात त्यो हुता, त्याच पोटात ती. मग माझ्यातनं तिच्यात त्यो गेला असंल का?"

शाल्मलीला खोटं बोलता आलं असतं. "गेला असू शकतो. थोडासा. तिला ताप नाही, तिची चिठ्ठी हिरवीच आहे. म्हणजे असलाच तर त्याला कुणी हात लावणार नाही."

"असं व्हय," सारिका म्हणाली. आणि मग, आवाज खाली आणून, "पहाटे पूजेला बसते ना मी, बोलत न्हाई तवा. आधी ते गप्प बसनं भरल्यागत वाटायचं गं. आता नुसतंच गप्प. म्हनून दुपारी ईश्वरी झोपली की मी तिच्या पाठीला कान लावते. बाळाच्या न्हाई. ईश्वरीच्या. कुनाला सांगू नगंस, हसतील."



*

काळदाते सरांच्या जागी आता डॉ. आश्लेषा बेलवलकर होत्या. पन्नाशीच्या, काटेकोर, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी शाल्मलीला बोलावलं तेव्हा टेबलावर आदेश तयार होता. तेराशे बारा बायकांना 'पूरक मात्रा'. गावोगाव गाड्या जातील. जुन्या संमतीपत्रात पूरक मात्रा बसते, नवं काही विचारायची गरज नाही.

"मौनक घडवायला मला धाग्यांची फाइल हवी. सगळी. शुक्रवारपर्यंत."

"मॅडम, त्यांना सांगायला हवं."

"काय सांगणार? की तुमच्यात तुमचं मूल आहे आणि ते आम्ही मारतोय? शास्त्राच्या दृष्टीनं ते मूल नाही, शाल्मली. पेशी आहेत."

"मला माहीत आहे. पण मग विचारायला काय हरकत आहे?"

"हरकत ही, की काही जणी नाही म्हणतील." मॅडमनी चष्मा काढला. "या बायका रोज कुणाच्या तरी घरात जातात. दर महिन्याला यांच्या तापामुळे चार-पाच बाळं जातात. तू दारोदार हिंडत बसलीस तर दोन पावसाळे जातील. त्यात गेलेल्या बाळांचं कोण उत्तर देणार?"

हे खोटं नव्हतं. शाल्मलीला ते आकडे मॅडमपेक्षा नीट पाठ होते. पुष्कळ रात्री ते तिच्या उशाशी बसून असत.

"जी हो म्हणेल तिची फाइल मी त्याच दिवशी पाठवीन," ती म्हणाली. "एक दिवसही थांबणार नाही. पण सगळी एकदम नाही देणार."

"तुझ्या प्रबंधावर माझी सही लागते, विसरलीस?"

"नाही, मॅडम."

पंख्यानं टेबलावरचा आदेश फडफडला. मॅडमनी त्यावर हात ठेवला. आवाज बदलला तो एवढा थोडा, की दुसऱ्या कुणाला कळलाही नसता.

"यादीत सेहेचाळिसावं नाव वाचलंस?"

शाल्मलीनं वाचलं होतं. आडनाव वेगळं होतं. मॅडमच्या माहेरचं.

"माझी आई आहे. एक्क्याऐंशीची. मी तिची एकुलती एक, असं मला पन्नास वर्षं सांगण्यात आलंय. तिचं रक्त मी स्वतः तपासलं. तिच्या मळाच्या कप्प्यात मी आहे, आणि आणखी कुणीतरी आहे. मुलगा." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आता तूच सांग, कुणासाठी चांगलं आहे हे? तिच्या? तिनं एवढं आयुष्य निभावून नेलं, न बोलता. सुई दिली की संपलं असतं सगळं. तिलाही कळलं नसतं की मला कळलंय."

"त्यांना कदाचित बोलायचं असेल," शाल्मली म्हणाली. "आणि नसेल, तर त्या मला तसं सांगतील. तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही, मॅडम. कुणालाच कळणार नाही. मी विचारीन आणि विसरेन."

"विसरशील?"

मॅडमनी आदेशाचा कागद उचलला, खणात ठेवला, खण लोटला. सही केलेली नव्हती. पण फाडलाही नाही. "शुक्रवार," त्या म्हणाल्या. "शुक्रवारनंतर मी काय करीन ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी शाल्मली पहाटेच उठली. देवापुढे दिवा लावला, निरांजनाची वात सरळ केली, आणि रोज म्हणते तेवढंच म्हणाली. आज वेगळं मागावंसं तिला वाटलं नाही. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "एवढ्या लवकर कुठे?" ती म्हणाली, "कामाला."

यादी तिनं पिशवीत ठेवली. पहिलं नाव तिला पाठ झालं होतं. पौर्णिमा सदाशिव ऐनापुरे. वय एकाहत्तर. जत, जुन्या बाजारामागे. निवृत्त मुख्याध्यापिका. अविवाहित. अपत्ये: नाहीत.

गाळलेले धागे: दोन.

मिरज स्टँडवर जतची गाडी लागलेली होती. शाल्मलीनं खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली, आणि कंडक्टर आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "एक जत."